किल्लारी आणि ‘नॅचरल डिझास्टर’

‘नॅचरल डिझास्टर’ ही संज्ञा बातम्यांत, विम्याच्या कागदांत आणि विज्ञानाच्या पुस्तकांत सर्रास आढळते. तिच्यातले ‘नॅचरल’ हे विशेषण संकटाच्या उगमाला लागू आहे की त्यात झालेल्या मृत्यूंनाही, हे बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. माणसावर कोसळणाऱ्या दुःखाचा कर्ता कोण, हा धर्म आणि तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न इथे दडलेला आहे.

उदाहरण म्हणून किल्लारी घ्या. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसरात 6.2 मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे 17 जानेवारी 1994 रोजी, तेही पहाटे, लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला 6.7 मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. तिथे मृतांची संख्या साठच्या आसपास राहिली. खोली, माती, वस्ती यांत फरक असतोच. तरीही एवढी तफावत केवळ भूगर्भातून निघत नाही.

तिचे कारण घरांत सापडते. किल्लारी परिसरातल्या जुन्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, काळ्या दगडाच्या आणि मातीत रचलेल्या. आतला व बाहेरचा थर एकमेकांत गुंतवणारे आरपार दगड बहुधा नसत. मधल्या पोकळीत कपच्या आणि माती. वर माळवद. गळती थांबावी म्हणून त्यावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढत गेले आणि वजन वाढत गेले. उन्हाळ्यात गारवा देणारे हे बांधकाम हादऱ्यात दोन्ही अंगांनी फाटले आणि झोपलेल्या माणसांवर आले. गावकऱ्यांना दोष देणे मात्र अन्यायाचे ठरेल, कारण सरकारी भूकंप नकाशात हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. म्हणून ‘भूकंप नैसर्गिक होता’ हे विधान बरोबर आहे; ‘दहा हजार मृत्यू नैसर्गिक होते’ हे चूक आहे.

दुःखाचा कर्ता कोण, या प्रश्नावर सांख्य दर्शनाने दुःखाचे आध्यात्मिक (स्वतःच्या शरीर-मनातून येणारे), आधिभौतिक (इतर प्राणिमात्रांमुळे होणारे) आणि आधिदैविक (दैवी शक्तींमुळे होणारे) असे तीन प्रकार मानले. मराठी व्यवहारात ‘अस्मानी’ आणि ‘सुलतानी’ ही जोडी रुळली. दोन्ही विभागण्या दुःखाचा उगम सांगतात, पण एकाच प्रसंगात दोन उगम मिसळतात तेव्हा अडचण होते. 15 जानेवारी 1934 च्या बिहार भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे म्हटले. अस्पृश्यतेला विरोध असूनही रवींद्रनाथ ठाकूर यांनी यावर जाहीर आक्षेप घेतला: भौतिक घटनेची कारणे भौतिकच असतात. ठाकुरांची भूमिकाच इथे ग्राह्य आहे, कारण पापाच्या स्पष्टीकरणात ढिगाऱ्याखालचे मूलही आरोपी होते आणि भिंतीची तपासणी राहून जाते.

कायद्यातला ‘ॲक्ट ऑफ गॉड’ हा शब्दप्रयोग नावावरून वाटतो तितका धार्मिक नाही. घटना मानवी हस्तक्षेपाविना घडली का आणि वाजवी काळजी घेऊनही ती टाळता आली नसती का, एवढेच न्यायालय पाहते. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याची व्याख्या आणखी पुढे जाते. तिच्यात नैसर्गिक व मानवनिर्मित कारणांसोबत अपघात आणि निष्काळजीपणाही आहे, शिवाय हानी बाधित समाजाच्या पेलण्याच्या कुवतीबाहेरची असावी लागते. म्हणजे आपत्ती ठरवताना निसर्गाच्या जोराबरोबर माणसांची कुवतही मोजावी लागते.

शास्त्रीय लेखनात म्हणूनच भूकंप, पूर, अवर्षण यांना ‘नैसर्गिक धोका’ म्हणणे आणि हानीची कारणे वेगळी नोंदवणे योग्य. रोजच्या लेखनातही हे सहज जमते. एखाद्या महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, तर ‘अतिवृष्टी झाली’ हे मोजमापावर टिकणारे वाक्य आहे. त्याच मंडळात सोयाबीन पाण्याखाली गेले असेल, तर ओढा बुजला होता का, रस्त्याखालची मोरी अपुरी होती का, हे पाहिल्याशिवाय ‘नैसर्गिक आपत्तीमुळे नुकसान’ असे लिहू नये. मोरी अपुरी आढळली, तर पाऊस आणि मोरी ही दोन्ही कारणे लिहावीत.