माळावरचा महामार्ग

पुणे-सोलापूर रस्त्याबद्दल लोकांचं एक मत अगदी पक्कं आहे. या वाटेवर बघण्यासारखं काही नाही. कोकणात उतरताना घाटात गाडी थांबते, फोटो निघतात. सोलापूरकडे निघालं की भिगवणला मासे खायचे आणि पुढे डोळे मिटून घ्यायचे. मला हे मत पटत नाही. त्याने नुकसान होतं, असंही वाटतं.

हाच राष्ट्रीय महामार्ग ६५ सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करत पार मछलीपट्टणच्या किनाऱ्याकडे जातो. आठशेहून जास्त किलोमीटरची ही वाट जागेपणी पाहिली, तर अख्खं दख्खन नजरेसमोर कूस बदलतं. भिगवणला उजनीचा फुगवटा आणि हिवाळ्यात त्यात रोहित पक्ष्यांचे थवे. पळसदेवला धरणात गेलेलं जुनं देऊळ पाणी ओसरलं की वर येतं. टेंभुर्णीपर्यंत ऊस सोबत करतो, मग मोहोळच्या बाजूला काळ्या रानात शाळू उभा दिसतो. सोलापुरात शिरलं की पूर्व भागात पाट्या तेलुगू होतात. मागावर बसायला तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरांनी हे शहर विणलं आहे. पुढे नळदुर्ग. बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात पाणीमहाल बांधला गेला. भर पावसाळ्यात डोक्यावरून नदी कोसळत असते आणि आत माणूस कोरडा उभा राहतो.

उमरगा मागे पडलं की कानडी सुरू होते. महामार्गापासून थोड्याच अंतरावर बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात सोन्नलगीचे, म्हणजे आपल्या सोलापूरचे सिद्धरामेश्वर याच दिशेने कल्याणला गेले आणि बसवेश्वरांच्या शरणांमध्ये मिसळले. सिद्धरामेश्वरांचं तळं आजही सोलापूर शहराच्या मध्यावर आहे. पुढे जहीराबादला माती तांबडी होते आणि हैदराबाद येता येता आपला काळा पाषाण संपून ग्रॅनाइटचे थोराड, गोलसर धोंडे एकावर एक दिसू लागतात. विजयवाड्याला रस्त्याशेजारी कृष्णा येते, आणि तिच्यात भिगवणला पाहिलेल्या भीमेचंही पाणी असतं.

हे सगळं हळूहळू घडतं, म्हणूनच निसटतं. सह्याद्री एका वळणावर सगळं दाखवतो. इथे शंभर-दीडशे किलोमीटर लक्ष द्यावं लागतं.

सपाट मुलखाची अशी उपेक्षा परदेशातही होते. आपल्याकडची किती तरी मुलं आता अमेरिकेत आहेत आणि सुट्टीत गाडीने देश ओलांडतात. न्यूयॉर्कजवळून निघून सॅन फ्रान्सिस्कोला पोचणारा इंटरस्टेट ८० हा त्यातला एक मोठा रस्ता. वाटेत नेब्रास्का राज्य लागतं. सपाट, शेतीचं आणि कंटाळवाणं म्हणून बदनाम. पण तिथे हा रस्ता प्लॅट नदीच्या सोबतीने जातो, आणि वसंत ऋतूच्या सुरुवातीला त्या उथळ नदीत लाखो क्रौंच उतरतात. ते पाहायला माणसं विमानाने येतात, पहाटेच्या थंडीत निमूट बसून राहतात. सपाट मुलूख पाहण्याजोगा आहे हे तिथल्या लोकांनी मनावर घेतलं, तेव्हाच त्या नदीच्या राखणीला माणसं पुढे आली.

सोलापूरच्या माळालाही असा पक्षी मिळाला होता. बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला माळढोक होता; १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं. आता तिथे माळढोक दिसला तर ती बातमी होते. वर्षाला बहुधा एकच अंडं घालणारा हा जड पक्षी. उडताना त्याला समोरचं फारसं दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांवर आदळतो. गवताळ रान मोकळं दिसतं, म्हणून कुणी नांगरलं, कुणी त्यावर झाडं लावली. झाडं लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल, पण माळढोकाला झाडी नको, लांबवर नजर जाईल असं गवत हवं. डोंगरावरचं जंगल तुटलं की आपण हळहळतो, माळ गेला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. ज्या मुलखाकडे पाहायचंच नाही असं आपण ठरवलं, त्याच्या बाजूने बोलणार कोण? सोलापूरच्या रस्त्यावर झोपून जाणाऱ्यांत सुशिक्षित, निसर्गप्रेमी माणसंही असतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तेव्हा येत्या हिवाळ्यात हैदराबादला निघालात, तर सोलापुरात मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत नान्नजकडे वळा. शहरापासून ते फार लांब नाही. वनखात्याचे नियम पाळा, सोबत दुर्बीण असू द्या. माळढोकाची आशा धरू नका. काळविटांचे कळप मात्र अजून आहेत, नशीब असेल तर लांडगाही दिसतो. मुलांना गाडीत झोपू देऊ नका, गवतात उतरवा. न्याहारीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घ्या, आणि नळदुर्ग गाठायची घाई करू नका.