साहसाचे ऋण

काही शब्दांचा इतिहास मोठा बोधप्रद असतो. आज 'साहस' म्हटले की हिमशिखरे, निर्जन वाळवंटे आणि त्यांकडे निघालेला निधड्या छातीचा प्रवासी मनापुढे उभा राहतो. मनुस्मृतीने विवादाची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांतही साहस आहे. पण तेथे त्याचा अर्थ बळजोरीने केलेला अपराध असा आहे. पराक्रम आणि परपीडा यांनी एकाच शब्दात घर करावे, हे विचार करण्याजोगे आहे. आपल्या पराक्रमाचे मोल दुसऱ्याला द्यावे लागले, तर त्यात पराक्रम कितीसा उरतो?

अंटार्क्टिकाचेच उदाहरण घेऊ. १९१२ च्या अखेरीस डग्लस मॉसन हा ऑस्ट्रेलियातील भूशास्त्रज्ञ दोन सोबत्यांसह तेथील हिमप्रदेशात शिरला. निनिस हिमाच्या भेगेत नाहीसा झाला. मर्त्झ परतीच्या वाटेवर मरण पावला. १९१३ च्या फेब्रुवारीत मॉसन एकटाच तळावर पोचला, तेव्हा 'ऑरोरा' जहाज काही तासांपूर्वीच निघून गेले होते. त्या एकाकी वाटचालीची हकीकत वाचून आम्ही भारावून जातो; पण तळावर सहा माणसे होती, हे विसरतो. त्याच्या शोधासाठी ती मागे राहिली होती आणि त्यापायी त्यांना आणखी एक हिवाळा त्या हिमात काढावा लागला. सारांश, एकटा साहसी हा बहुधा कथेतच असतो.

मॉसनच्या मोहिमेच्या स्मरणार्थ २०१३ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञ आणि हौशी प्रवासी यांना घेऊन 'अकादेमिक शोकाल्स्की' हे रशियन जहाज त्याच किनाऱ्याकडे गेले व हिमात अडकले. सुटकेस धावलेले चिनी जहाज 'श्वेलाँग' स्वतःच अडकून पडले. अखेर २ जानेवारी २०१४ रोजी त्याच्याच हेलिकॉप्टरने बावन्न जणांना उचलून 'ऑरोरा ऑस्ट्रेलिस' या जहाजाजवळ पोचविले. हे जहाज केसी या संशोधनकेंद्राला सामग्री पुरविण्याचे काम अर्धवट टाकून आले होते. सर्व सुखरूप परतले, ही आनंदाचीच गोष्ट. पण त्या सहा माणसांत आणि या जहाजांवरील खलाशांत एक भेद आहे. ते सहाजण मोहिमेचेच भागीदार होते. तिचे धोके पत्करूनच निघाले होते. या खलाशांना मात्र कोणी आधी विचारले नव्हते.

येथे कोणी म्हणेल, देयके तपासण्यात आणि रजा-प्रवास सवलतीच्या चार दिवसांत ज्यांचे आयुष्य जाते, त्या कारकुनांनी साहसाला नावे ठेवावीत, ही कोल्ह्याला द्राक्षे आंबट अशातलीच गत! आक्षेप रास्त आहे. अज्ञाताची ओढ नसती तर मनुष्याचे ज्ञान अंगणापलीकडे गेले नसते. १९८१ साली निघालेली आपली पहिली अंटार्क्टिका मोहीमही त्या ओढीचीच साक्ष आहे. आमचे म्हणणे कोणी जाऊ नये असे नाही. जाणाऱ्याने हिशेब मांडून जावे, एवढेच आहे.

कारण हा हिशेब दुसऱ्या कोणालाच मांडता येत नाही. समुद्रावर संकटातल्या माणसाच्या हाकेला ओ देणे हे नाविकाचे कर्तव्य आहे. तू कशासाठी आलास, हौसेसाठी की ज्ञानासाठी, हे त्याने विचारायचे नसते. आणि विचारू नये यातच त्याच्या कर्तव्याची थोरवी आहे. वाचविणाऱ्याला प्रश्न विचारण्याची मुभा नाही, म्हणूनच तो प्रश्न निघण्यापूर्वी स्वतःला विचारण्याचे ओझे प्रवाशावर पडते. दुसऱ्याच्या बिनशर्त कर्तव्याला आपल्या हौसेचे तारण म्हणून गृहीत धरणे, ही सभ्य वेषातली बळजोरीच होय.

२०२२-२३ च्या एका हंगामात एक लाखाहून अधिक प्रवासी अंटार्क्टिकाकडे गेले. भारतानेही २०२२ साली कायदा करून तेथे जाणाऱ्यांस परवाना आवश्यक केला. ही व्यवस्था योग्यच आहे. पण परवान्याने जाण्याचा अधिकार मिळतो, ऋण फिटत नाही. ज्याला हे ऋण निघण्यापूर्वी जाणवते, तो सामग्री अधिक घेतो, वेळीच मागे फिरतो आणि परतल्यावर आपल्या नावाआधी त्या सहाजणांची नावे घेतो. त्याच्या साहसाला स्मृतिकारांचा अर्थ लागू पडणार नाही.