जीर्णोद्धार कशाचा ?

जिचें काम संपलें, जिच्याहून वेगवान् व निर्धोक अशा दुसऱ्या गाड्या बाजारांत सुखानें मिळतात, अशी पन्नास-साठ वर्षांपूर्वींची एखादी मोटार मुद्दाम शोधून काढावी, तिच्यावर नव्या मोटारीच्या किंमतीहून अधिक पैसा घालावा, आणि वर्षानुवर्षें रविवारची दुपार तिच्या पोटाखालीं उताणें पडून घालवावी, हा प्रकार व्यवहारी माणसास वेडेपणाचा वाटतो. त्याचें आम्हांस नवल नाहीं. जुनीं नाणीं, टपालाचीं तिकिटें, गुलाबाचीं कलमें यांचेंही वेड असेंच असतें. आणि ज्याच्या त्याच्या हौशीचा हिशेब दुसऱ्यानें मांडूं नये हेंच बरें. परंतु या हौशीच्या पोटांत एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो मात्र केवळ हौशी लोकांचा नाहीं. जुनी गाडी आपण ‘वांचविली’ असें म्हणतों, तेव्हां नेमकें काय वांचविलेलें असतें ?

हा प्रश्न आमच्या मनांत भरविला तो एका स्नेह्यांनीं. ते गेलीं कित्येक वर्षें इंग्लंडांत बर्मिंगहॅमजवळ राहतात. यंत्रशास्त्र हाच त्यांचा व्यवसाय. त्यांनीं ‘एम्. जी. बी.’ जातीची, 1967 सालीं बांधलेली एक उघडी मोटार विकत घेतली. ही गाडी ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गांवीं 1962 पासून 1980 पर्यंत तयार होत असे. पांच लक्षांवर गाड्या निघाल्या, तेव्हां ती कांहीं राजेरजवाड्यांची दुर्मिळ चीज नव्हे. बेताच्या मिळकतीच्या तरुणानें शर्यतीची हौस भागवावी अशी ती गाडी. तिला निराळा सांगाडा नसतो. पत्र्याची कायाच सारा भार वाहते, आणि वर पक्कें छप्पर नसल्यामुळें तो भार मुख्यतः दारांखालच्या दोन पोकळ तुळयांवर येतो. तिकडे हिवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. तें चिखलाबरोबर आंत शिरतें आणि या तुळया आंतून गंजूं लागतात. आमच्या स्नेह्यांची गाडी घेतांना तांबडी, चकचकीत होती. रंग खरवडला तों खालीं लांबी, लांबीखालीं पत्र्याचें ठिगळ, ठिगळाखालीं दुसरें ठिगळ, आणि त्याखालीं नुसता गंजाचा भुगा ! पूर्वीं कोणी तरी कुजक्या पत्र्यावरच नवा पत्रा डकवून, वरून रंग देऊन, गाडी पुढच्या माणसाच्या गळ्यांत बांधली होती.

आतां दोन मार्ग होते. ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ या संस्थेनें 1988 पासून या गाडीची संपूर्ण काया मूळच्या साच्यांवर नव्यानें करून विकण्यास आरंभ केला आहे. ती कोरी काया आणावी, जुन्या गाडीचें इंजिन, गियरपेटी, आसनें तींत बसवावीं, आणि जुना पत्रा भंगारांत द्यावा, हा एक मार्ग. दुसरा म्हणजे कुजलेला भाग तेवढा कापून काढून तेथें नवा पत्रा जोडणें. यांत मेहनत फार. शिवाय दारांच्या चौकटींस आधीं आडवे दांडे जोडून आधार दिला नाहीं, तर तुळया कापतांच गाडी मध्यें खचते. आणखी एक बारीकशी अडचण होती. आसनांमागच्या अरुंद जागेंत पूर्वींच्या एका मालकानें मुलांसाठीं लांकडी फळीची बैठक ठोकली होती, आणि फळीच्या खालच्या अंगास दोन मुलांचीं नांवें व ‘ऑगस्ट 1974’ असें पेन्सिलीनें लिहिलेलें होतें. कारखान्याच्या नकाशांत अशी बैठक नाहीं. गाडी ‘मूळ रूपास’ आणावयाची म्हटलें म्हणजे प्रथम फळी बाहेर !

अथेन्सच्या लोकांनीं थीसियसचें जहाज जतन केलें. कुजली ती फळी काढून नवी घातली. आणि तें जहाज तेंच कीं दुसरें, यावर तत्त्वज्ञांत वाद माजला, ही प्लूटार्कची हकीकत वाचकांस ठाऊक असेल. सतराव्या शतकांत हॉब्जनें तींत एक खोंच घातली : काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणीं जमवून त्याच क्रमानें जोडल्या, तर दोहोंपैकीं थीसियसचें जहाज कोणतें ? आमच्या स्नेह्यांपुढें ही खोंच काल्पनिक नव्हती. त्यांनीं भंगारांत दिलेली काया उद्यां दुसऱ्या एखाद्या वेड्यानें उचलून दुरुस्त केली असती तर ? आपल्याकडे हाच विचार रथावरून निघाला. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत ग्रीक राजा मिलिंद रथांत बसून नागसेन भिक्षूकडे येतो. आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, असें नागसेन एकेक विचारीत जातो. राजा प्रत्येकास नाहीं म्हणतो. आणि अखेर या सर्वांच्या आश्रयानें चालणारें ‘रथ’ हें एक नांव आहे, असें कबूल करतो. नागसेनास माणसाविषयीं जें दाखवावयाचें होतें तें त्यानें दाखविलें. परंतु मोटारीच्या मालकाचें एवढ्यानें भागत नाहीं. नांवच खरें असेल, तर तें कोणत्या गाडीस द्यावयाचें हें ठरविलें पाहिजे. कारण नांवाबरोबर पैसा जातो. 1962 सालची एक फेरारी 250 जी. टी. ओ. 2018 सालीं लिलावांत 4 कोटी 84 लक्ष डॉलरांस गेली. असल्या भावांत खरें-खोटें हा नुसता पंडितांचा खेळ राहत नाहीं.

तो न्यायालयांतही गेलेला आहे. ‘ओल्ड नंबर वन’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या बेंटली मोटारीनें ल मां येथील चोवीस तासांची शर्यत 1929 व 1930 अशीं लागोपाठ दोन वर्षें जिंकली. पुढें ब्रुकलंड्सच्या शर्यतींसाठीं तिच्यांत बदल झाले, मोठें इंजिन आलें. 1932 सालीं तेथेंच तिच्या अपघातांत चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. त्यानंतर तिच्यावर बंद काया चढली, आणि बऱ्याच वर्षांनीं तिला पुनः शर्यतीचें रूप देण्यांत आलें. 1990 सालीं ती एक कोटी पौंडांस विकण्याचा करार झाला, आणि ही ती गाडीच नव्हे म्हणून घेणारा मागें सरला. त्या दोन विजयांच्या वेळचे भाग तिच्यांत फार थोडे उरले होते, ही गोष्ट खरीच होती. तरी न्यायमूर्ति ऑटन यांनीं ठरविलें कीं, तिला ‘मूळची’ म्हणतां येणार नाहीं, परंतु ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’च आहे, कारण नवे भाग हळूहळू तिच्यांत मुरत गेले, तिच्या चरित्राचा धागा कोठें तुटला नाहीं, आणि त्या नांवावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगांत नाहीं.

हा निर्णय आम्हांस पटतो. ब्रिटिश नोंदणीखात्याची रीत मात्र याहून गमतीची होती. फार बदल झालेल्या गाडीनें आपला जुना क्रमांक राखावा कीं नाहीं, हें ठरविण्यासाठीं त्या खात्यानें गुणांची पद्धत काढली : सांगाड्यास अगर कायेस पांच, सस्पेन्शन, आंस, गियरपेटी व स्टिअरिंग यांस प्रत्येकीं दोन, इंजिनास एक, आणि उत्तीर्ण होण्यास आठ. हौशी लोक ज्यास गाडीचें हृदय म्हणतात त्यास एक गुण, आणि कातडीस पांच ! पण हंसण्यापूर्वीं विचार करावा. इंजिन बदलतें, कायेवर मात्र गाडीचें सारें आयुष्य उमटलेलें असतें.

आणि येथेंच खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. जीर्णोद्धार हा मुळापासून असत्य आहे, असें रस्किननें 1849 सालींच निक्षून सांगितलें. त्याच विचारानें विल्यम मॉरिस या कवीनें 1877 सालीं जुन्या इमारतींना जीर्णोद्धारापासून वांचविण्यासाठीं एक संस्था काढली. (ऑक्सफर्डच्या ज्या गॅरेजवरून ‘एम्. जी.’ हें नांव आलें, त्याचा मालकही विल्यम मॉरिसच. पण तो निराळा. या दोघां मॉरिसांची गांठ पडती तर काय बोलणें झालें असतें, कोण जाणे.) रस्किनचें म्हणणें भिंतीस लागू आहे, मोटारीस जसेंच्या तसें लागू नाहीं. भिंत उभी राहिली कीं तिचें कर्तव्य झालें. मोटार रस्त्यानें धांवते, आणि त्या रस्त्यावर दुसऱ्यांचीं मुलें असतात. ब्रेकची साठ वर्षांची जुनी नळी ‘मूळची’ म्हणून ठेवणारा मनुष्य इतिहासप्रेमी नव्हे, बेजबाबदार आहे. तेव्हां कांहीं भाग नवे घालणें हें पाप तर नाहींच, तें कर्तव्य आहे.

मग असत्य कशांत ? पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ति नवकलेवराच्या वेळीं संपूर्ण नव्या लांकडाच्या होतात. 2015 सालीं तसें झालें. जुन्या मूर्ति भूमिगत करतात, आणि लांकूड नवें आहे हें लहान मुलासही ठाऊक असतें. तेथें कोणाची फसवणूक होत नाहीं. उलट आमच्याकडे काळ्या पाषाणाच्या हेमाडपंती देवळास ऑइलपेंट फांसून ‘जीर्णोद्धार’ केल्याची पाटी लावतात, तेव्हां दगड जुनाच असूनही कांहीं तरी नाहींसें झालेलें असतें. लांबी भरणाऱ्या त्या अज्ञात कारागिराचा अपराध नवा पत्रा लावण्याचा नव्हता, खालचा गंज झांकण्याचा होता. 1964 च्या व्हेनिसच्या सनदेंत इमारतींविषयीं सांगितलें आहे कीं, नवा भाग जुन्याशीं शोभावा, पण पाहणाऱ्यास ओळखूं यावा. आणि निरनिराळ्या काळीं पडलेली भर मान राखून ठेवावी. मोटारींसाठींही ट्यूरिनच्या नांवानें पुढें अशीच सनद झाली.

या दुसऱ्या कलमाची हौशी लोकांस अडचण वाटते. त्यांस गाडी जन्मदिवशीं होती तशी हवी असते. किंबहुना कारखान्यांतून निघाली त्याहूनही चकचकीत. म्हणजे मधलीं पन्नास वर्षें, त्यांत ती चालविणारे, ढकलणारे, तिच्यांत प्रेमांत पडलेले, पोरांना घेऊन समुद्रावर गेलेले सारे लोक हे तिच्यावरचे डाग ठरतात. आम्हांस यांत प्रेमापेक्षां अहंकाराचा भाग अधिक दिसतो : माझ्या आधीं हिचें कोणी नव्हतें, असें म्हणण्याचा.

आमच्या स्नेह्यांनीं दुसरा मार्ग पत्करला. दोन हिवाळे गेले. तुळया नव्या झाल्या, आणि जोडाच्या आंतल्या बाजूस त्यांनीं कामाचें साल कोरून ठेवलें, म्हणजे पुढें खरवडणाऱ्यास शोधीत बसावें लागणार नाहीं. डाव्या दारावर पूर्वींच्या मालकानें ब्रशानें फांसलेला रंग होता. तो मात्र त्यांनीं काढून दार इतरांसारखें केलें. तो राहूं द्यावयास हवा होता असें आम्हीं त्यांस लिहिलें, आणि त्यावर आमचा अजून वाद चालू आहे. फळीची बैठक काम चालू असतां भिंतीस टेकून ठेवली होती. ती त्याच स्क्रूंनीं पुनः बसविली. तिकडच्या एका प्रदर्शनांत परीक्षकांनीं तिच्याबद्दल गुण कापले म्हणतात.