दांडी कोणाच्या हातून पडली?

अनेकांनीं मिळून एक काम अंगावर घेतलें, आणि त्यांतील एकाच्या हातून तें बिघडलें, तर त्याची हानि सर्वांनीं सोसावी हें न्यायाचें आहे काय? हा प्रश्न केवळ पंडितांचा आहे असें नाहीं. बारामती-इंदापूरकडील प्रत्येक वस्तींत तो केव्हां ना केव्हां उभा राहतो. त्याचा विचार करण्यास स्त्रियांच्या रिले शर्यतीचें उदाहरण आम्हांस उपयोगी वाटतें.

ह्या शर्यतींत चौघी जणी प्रत्येकी १०० मीटर धांवतात. पहिलीच्या हातीं एक लहान पोकळ दांडी असते. ती एकीच्या हातांतून दुसरीच्या हातांत जात शेवटच्या रेषेपार पोंचली पाहिजे. ठरलेल्या पट्ट्याबाहेर ती दिली, तर चौघीही बाद होतात. सन १९५१ सालीं दिल्ली येथें पहिले आशियाई खेळ झाले. त्यांत रोशन मिस्त्री, बानू गुलझार, पॅट मेंडोंसा व वांद्र्याच्या मेरी डिसूझा ह्यांनीं रौप्यपदक मिळविलें. पुढें १९५४ सालीं मनिला येथें मेरी डिसूझा, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स व ख्रिस्टीन ब्राउन ह्यांनीं सुवर्णपदक जिंकिलें. चौघींत अधिक वेगानें कोण धांवली हें कोणी विचारिलें नाहीं. मान सर्वांस सारखाच मिळाला.

आतां दुसरी बाजू पाहूं. सन १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्यें जर्मन स्त्रियांनीं आधींच्या फेरींत ४६.४ सेकंदांचा जागतिक विक्रम केला होता, आणि अंतिम शर्यतींतही त्या पुष्कळ पुढें होत्या. परंतु शेवटच्या बदलाच्या वेळीं, मारी डोलिंगर हिच्याकडून इल्झे डोर्फेल्ट हिच्याकडे जातांना दांडी खालीं पडली, आणि अमेरिकेच्या स्त्रिया जिंकल्या. पहिल्या दोघी निर्दोष धांवल्या असून रित्या हातांनीं परतल्या. हा अन्याय नव्हे काय?

आम्हांस वाटतें कीं, येथें हानि व दोष ह्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. हानि कामाच्या स्वभावामुळेंच सर्वांवर येते. ज्यानें विजयांत वांटा घ्यावयाचा, त्यानें पराजयांतला वांटा नाकारणें शोभत नाहीं. पण दोष मात्र ज्याचा त्याचाच. आणि तोही तोलणें कठीण आहे. घेणारी पाठ फिरवून, हात मागें करून, विश्वासानें धांवूं लागते. देणारीनें तिची पकड बसेपर्यंत दांडी सोडावयाची नसते. मग पडलेली दांडी कोणाच्या हातून पडली? त्या क्षणीं ती दोघींच्याही हातांत होती.

नीरा डाव्या कालव्याखालील शेतकऱ्यांस हें सांगणें नको. वरच्यानें आपल्या पाळींत दारें धरलीं, ऊंस भिजविला, आणि पुढच्यास हांक न देतां तो झोंपीं गेला, तर पाणी वाट फुटेल तिकडे जातें व टेलच्या गड्याचें पीक वाळतें. 'माझी पाळी मीं नीट केली' एवढ्यानें त्याचें कर्तव्य संपलें असें कोण म्हणेल? पाणी पुढच्याच्या शेतांत वळलें म्हणजे तें संपतें.

ह्या विषयांत दोन खोट्या वाटा आहेत. एका ख्रिस्ती मनुष्यानें उसनें घेतलेलें बुडविलें, कीं 'हे लोक असेच' म्हणून सर्व वस्तीस बोल लाविला जातो. जे त्या व्यवहारांत नव्हतेच, त्यांवर दोष लादणें हा उघड अन्याय आहे. आणि आपणही इतर जातींविषयीं असें बोलत नाहीं ना, हें पाहावें. दुसरी वाट अशी कीं, स्वतःची चूक 'आम्हां सर्वांचीच' ह्या शब्दांखालीं झांकावी. हानि वांटून घेणें हें प्रेम होय. दोष वांटून टाकणें ही लबाडी होय.

वाचकहो, जिच्या हातून दांडी पडली तिला बाकीच्या तिघींनीं टाकिलें, तर शर्यत दोनदां हरल्यासारखें होतें. म्हणून चुकलेल्यास चूक स्पष्ट सांगावी, पण आपल्यांतून काढूं नये. आणि आपल्या हातीं जें आहे, मग ती मंडळीच्या हिशेबाची वही असो, शाळेची किल्ली असो, कीं पाटाचें पाणी असो, तें पुढच्याची मूठ मिटल्यावांचून सोडूं नये.