सत्य कोणाला सांगायचे?



उपासनेच्या 'अ' वर्षात, सामान्य काळातील 23 व्या रविवारी, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातील एक उतारा आपण ऐकतो. बंधूने अपराध केला तर काय करावे, याचा क्रम प्रभू येशूने तिथे घालून दिला आहे. आधी एकट्याने जाऊन एकट्याला सांगा. ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर घ्या. तरीही ऐकले नाही तर ख्रिस्तसभेला कळवा. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा चालतो. आधी गावाला कळते, मग दोघे-तिघे मिळून हळहळतात, आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे त्याच्या कानावर मात्र शेवटपर्यंत कोणी काही घालत नाही. मिस्सा सुटल्यावर तो आवारात समोर आला की विषय पावसापाण्यावर जातो!

असे घर बहुतेक गावांत सापडेल. वडील वारले, जमिनीला भाव आला, भावाने बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल तर 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच असतो. बहिणींना हे ठाऊक असते, पण माहेर तुटेल या भीतीने त्या सही करतात. हा भाऊ दुष्ट नसतो. चर्चच्या सणाला तो सढळ हाताने देणगी देतो, शेजारी कोणी आजारी पडले तर मध्यरात्री गाडी काढतो. म्हणूनच त्याला सांगणे अवघड असते. त्याच्या घरचे आपण जेवलेले असतो, आणि उद्या त्याच्याकडे आपले काम पडणार असते.

"मी कोण त्याचा न्याय करणारा?" असे म्हणून आपण गप्प बसतो. ऐकायला हे नम्रपणाचे वाटते. पण त्याच संध्याकाळी दुसऱ्याच्या ओट्यावर बसून त्या भावाचा न्याय करून आपण मोकळे झालेले असतो. ख्रिस्तसभेच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद 2477) याविषयी स्पष्ट शिकवण आहे. सबळ कारण नसताना दुसऱ्याचा दोष, तो खरा असला तरी, ज्यांना माहीत नाही त्यांना सांगणे हे पाप आहे. खोटे बोलणे पाप, हे आपण लहानपणीच शिकलो. खरे बोलूनही पाप घडते, हे मात्र सहसा आपल्या ध्यानात येत नाही. पाप्याला समज देणे हे दयेच्या सात आध्यात्मिक कृत्यांपैकी एक आहे. पण तेच बोलणे ओट्यावर झाले की ती निंदा होते.

"आपण बुवा तोंडावर बोलतो" असा अभिमान बाळगणारेही आहेत. ते लग्नाच्या मांडवात चारचौघांत बोलतात, आणि समोरचा माणूस आपल्या चुकीचा विचार करायचे सोडून अब्रू सांभाळू लागतो. पौलाने अंत्युखियात पेत्राला सर्वांसमक्ष सुनावलेच होते ना, असे कोणी विचारील. होय, पण पेत्राची चूकही सर्वांसमक्षच घडत होती. परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवणे त्याने थांबवले होते आणि त्याच्यामागे बर्णबासुद्धा वाहवत चालला होता.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा बारकाईने विचार केला. समज दिल्याने माणूस अधिकच बिघडेल असे वाटत असेल तर थांबावे, असे ते सांगतात. मात्र आपण त्याच्या भल्यासाठी थांबलो आहोत की त्याची नाराजी ओढवेल या भीतीने, हे ज्याचे त्याने तपासायचे आहे. त्या भावाचा मुंबईचा दोस्त किंवा धर्मपिता त्याच्याशी जे बोलू शकेल, ते शेजारी कदाचित बोलू शकणार नाही. जो जाईल त्याने एवढी तयारी ठेवावी, की भाऊ रागावला तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच्याकडे चहाला जायचे, आणि त्याचे मन वळलेच तर त्याच्यासोबत वकिलाकडेही जायचे.

नाथान संदेष्ट्याने हेच केले. उरियाला युद्धात मरायला पाठवून दावीद राजाने त्याची बायको घेतली होती. राजाने मनात आणले असते तर नाथानाचे डोके उडवले असते. नाथान एका गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट घेऊन गेला. दावीद मूळचा मेंढपाळ! गोष्टीतल्या श्रीमंतावर तो संतापला, तेव्हा नाथानाने त्याला सांगितले की तो माणूस दुसरा कोणी नसून तूच आहेस. दावीदाने पाप कबूल करताच देवाने क्षमा केल्याचे नाथानानेच त्याला सांगितले. पापाचे परिणामही त्याने लपवले नाहीत. आणि एवढे सुनावून तो कायमचा निघून गेला नाही. शलमोन जन्मला तेव्हा देवाने त्या बाळावर प्रेम केल्याचा निरोप त्याच्याच हाती आला, आणि दावीद म्हातारा झाल्यावर राज्याच्या वारसाचा प्रश्न घेऊन राजाच्या खोलीत जाणाऱ्यांत तोही होता.

बथशेबेपासून दावीदाला जे पुत्र झाले त्यांची नावे पहिल्या इतिहास ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात आहेत. त्यांतल्या एकाचे नाव नाथान. हे नाव संदेष्ट्यावरून ठेवले असे तिथे लिहिलेले नाही. पण घरात रोज हाक मारायला दावीदाला या नावाचा त्रास झाला नाही, एवढे तर खरे. आज घरी गेल्यावर लूक 3:31 उघडून पाहा. लूकने दिलेली प्रभू येशूची वंशावळ याच नाथानावरून जाते.