पाच कोटींचा हिशेब

मार्च 1951 मध्ये विनोबा भावे वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमातून पायी निघाले. 18 एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत शंभर एकरांचं दान मिळालं आणि भूमिहीनांसाठी जमीन मागणारी भूदान चळवळ सुरू झाली. मागणी पाच कोटी एकरांची होती. मिळाले चाळीस लाखांच्या वर, आणि त्यातलेही पुष्कळ खडकाळ, नाहीतर कज्ज्यात अडकलेले. आकड्यांत ही हारच. तिला विजय म्हणून सजवण्यात अर्थ नाही.

मग तेरा वर्षांची पायपीट वाया गेली का? ज्या भूमिहीनाच्या नावावर दोन एकर चढले, त्याला विचारून बघा. पाच कोटींशी त्याला काय देणंघेणं? दुसरा आक्षेप मात्र टोकदार आहे: नुसती चिकाटी म्हणजे हट्ट. काही अंशी खरंच. दानपत्र हाती आलं, की सातबारावर नाव लागेपर्यंत पाठपुरावा करणारी माणसं हवी होती. ती पुरेशी उभी राहिली नाहीत, आणि चालण्याने ती उणीव भरून निघणारी नव्हती. चालत राहण्याची चिकाटी वेगळी, मागे राहिलेलं निस्तरण्याची वेगळी. या दुसरीच्या गळ्यात सहसा कुणी हार घालत नाही. 1964 मध्ये विनोबा धाम नदीकाठी पवनारला परतले, तेव्हा वाटपाचं पुष्कळ काम बाकीच होतं.