कुणाकडं?

कराडहून पाटणकडं माल नेणाऱ्या टेंपोवर लागलो, तेव्हा माझ्याजवळ दोन गोष्टी होत्या. एक सातारा जिल्ह्याचा घडीचा नकाशा आणि दुसरी माझ्याआधी त्या गाडीवर असलेल्या अण्णांची शंभर पानी वही. नकाशात कराड, पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि पुढं कुंभार्ली घाटानं चिपळूण असा रस्ता ठसठशीत होता. डोंगरातल्या वाड्या मात्र त्यात नव्हत्या. त्या वहीत होत्या. 'डेअरीपासनं उजवीकडं, चिंचेखाली गाडी लावणे, पुढं पायी.' 'कुत्रं सोडलेलं असतं.' 'म्हातारी ताक देती.'

वही संपली की विचारायचं. विचारलं की समोरून पहिला सवाल ठरलेला, "कुणाकडं?" मग पार्सलात काय आहे, तुमचं गाव कुठलं, सगळं सांगून झाल्यावर वाट मिळायची. कधी पंधरा मिनिटं जायची. चिडायचो मी.

पुढं फोन आला आणि ही कटकट मिटली. खरं तर उपग्रह वाट सांगतच नाही. वीसेक हजार किलोमीटरवरून त्याचा संदेश येतो, तसे चार मिळाले की आपण कुठं उभे आहोत एवढं फोनला उमगतं. वाट फोनातला नकाशा सांगतो. म्हणून तर दरीत रेंज गेली की कोऱ्या पडद्यावर निळा ठिपका एकटाच सरकत राहतो. पण रेंज असली की काम चोख. दिवसाची बारा पार्सलं वीसवर गेली.

एका पावसाळ्यात असाच एका वाडीला निघालो होतो. फाट्यावर पारावर दोघं बसलेले. एकानं हात वर केला. गाडीत घ्या म्हणत असेल असं वाटलं. फोन डावीकडं म्हणाला, मी डावीकडं घातली. बरोबर घरासमोर उतरलो, हॉर्न दिला आणि पार्सलावरचं नाव मोठ्यानं घेतलं, "आहेत का? पैसे सुट्टे द्या." अंगणात माणसं खाली बसून तिरडी बांधत होती. ज्याचं नाव मी घेतलं, त्याचीच. आत बायकांचा हंबरडा फुटला. नातवानं आज्यासाठी गुडघ्याचा पट्टा मागवला होता. तोच पोरगा उठून खिशात पैसे चाचपायला लागला. मी नको नको म्हणत मागं सरलो.

वाट तर चुकलो नव्हतो. पत्ता अचूक होता, वेळेच्या आत पोचलो होतो. तरी पारावरचा तो हात बरेच दिवस डोळ्यांपुढून हलेना.

त्यानंतर मी हट्टानं विचारायला लागलो. फोन चालू असला तरी फाट्यावर थांबायचं, नाव सांगायचं. स्वतःवर खूषही होतो जरा. मग एकदा एका कॉलेजातल्या पोरानं पार्सल हातात घेता घेता सांगितलं, "काका, लोकेशन धाडलंय की. फाट्यावर विचारत येऊ नका."

"का रे?"

"तुम्ही नाव सांगता. ते आडनाव विचारतात."

खरं होतं. मघाशी आडनाव ऐकल्यावर तिथल्या माणसाची मान किंचित वळली होती. "ते व्हय? मग गावातनं कशाला जाताय, खालच्या अंगानं जावा." मला ती नुसती वाट वाटली होती. पोराला त्यात काय ऐकू येत असेल ते मी सांगायला नको. अण्णांच्या वहीतही काही वस्त्या जातीच्या नावानंच होत्या. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं वस्त्यांची तसली नावं बदलायचं ठरवलं. त्याआधी मी ती कधी खोडली नव्हती, हे कबूल करतो. त्या पोरासाठी फोन म्हणजे 'कुणाकडं?' न विचारणारा पहिला वाटाड्या होता. आणि नेमक्या त्याच न विचारण्यानं मला तिरडीपुढं हॉर्न वाजवायला लावला होता. दोघांपैकी कुणाला खोटं पाडू?

हल्ली फाट्यावर थांबतो. पार्सल मांडीवर पालथं टाकतो, नाव खाली जाईल असं. खिडकीतून विचारतो, "पावणं, गावात समदं ठीक हाय न्हवं?"

"हाय की," म्हातारा म्हणतो. मग गाडीजवळ येतो, आत डोकावतो. "पर कुणाकडं?"